अळणी रविवार

विष्णुपुरी, नांदेड
ता. ४ मार्च २०२५

ती. स्व. आत्याच्या सेवेशी,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

होस्टेलवर येऊन पंधरवडा झाला आणि मी अजून धडधाकट आहे, हे आधी कळवते. फोनच केला असता, पण तू कानाचं मशीन डब्यात ठेवतेस आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या पोटाची चौकशी करतेस. मागच्या खेपेला तुझ्या समोरचा किराणावाला गिऱ्हाईक थांबवून माझं उत्तर ऐकत होता म्हणे. त्यापेक्षा पत्र बरं.

दादा सोडायला आले होते. उमरीपासून विष्णुपुरीपर्यंत माझी बॅग मांडीवर धरून बसले. होस्टेलच्या फाटकात मात्र बोलले. जानेवारीसारखी परत दवाखान्यात भरती झालीस तर नाव काढायचं, बॅग बांधायची आन् गुमान घरी यायचं, मग न्हाई म्हणायचं न्हाई. मी मान डोलावून हाव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बापाच्या डोळ्यांत पाणी असलं की वाद घालता येत नाही. पण तुला सांगून ठेवते, या कॉलेजात यायला तू आणि मी मिळून त्यांच्याशी किती भांडलो ते मी विसरलेले नाही. दुसरं वर्ष अर्धं झालं आहे. उरलेलं मी सोडणार नाही, मग माझी फुप्फुसं काहीही म्हणोत.

या सत्रात माझी रूममेट नवी आहे. उमैमा नाव, भोकरची. पहिल्याच दिवशी तिनं सरळ विचारलं की हा खोकला लागट आहे का. मला आवडलं. लोक विचारत नाहीत, नुसती खुर्ची लांब सरकवतात. मी तिला सांगितलं की याला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात, तो जन्मासोबत आईबापांकडून येतो, कुणाला लागत नाही. माझ्या अंगातला ओलावा डिंकासारखा घट्ट. छातीत तो साचतो म्हणून खोकला, आणि पोटात पाचक रसाची वाट अडवतो म्हणून प्रत्येक जेवणाला गोळ्या. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझी पाठ थोपटायला लागली. थोपटते कसली, धुणं आपटते. पण कफ सुटतो.

डॉक्टरांनी वजन वाढवायला सांगितलं आहे. श्वास घेणं हीच माझ्या अंगाला रोजची मजुरी आहे आणि मजुराला पोटभर लागतं. म्हणून मी धर्मकार्य समजून खाते. मेसचं वरण पाणीदार, त्यामुळं कँटीनचे वडे, समोसे, चिप्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं. उमैमा म्हणते, अशी नोकरी तिलाही मिळाली तर बरं.

तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? डॉक्टरांनी तुझं मीठ आणि तूप बंद केलं, माझं दुप्पट केलं. देवानं वाटप करताना चष्मा लावला नव्हता. आणि कोनाड्यामागं लपवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी मला माहीत आहे, तेव्हा नाटकं करू नकोस.

कफासारखाच तुझा लोभही घट्ट राहो, एवढंच मागणं.

तुझी,
पुनम


लातूर
ता. १५ मार्च २०२५

चि. पुनम हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. बरणीचं कुणालाही सांगू नकोस. बावीस वर्षं पोरांना शाळेत शिकवलं, पण मोठ्यांच्या वर्मावर असं नेमकं बोट ठेवायला तुला मी शिकवलेलं नाही.

उमैमा गुणाची दिसते. तिच्या आईला माझा सलाम सांग. बाकी तू कँटीनमध्ये काय खातेस ते वाचून मला बरं वाटलं, निदान खाते आहेस. लहानपणी एक घास भरवायला मी तुला घेऊन अख्खी आळी फिरायची.

आता कामाचं. जानेवारीत तुला ऑक्सिजन लावला, त्या दिवशी तुझी आई खाली औषधाला गेली होती आणि तुझा दादा रामकिशन भिंतीला डोकं टेकून बसला होता. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून माळेगावच्या खंडोबाला बोलले. पोरगी उठून कॉलेजात परत गेली तर चैत्रापासून पाच रविवार अळणी करील, मग तळी उचलू. तू उठलीस. गेलीस. आता देवाचं देणं ठेवायचं नाही. तुझ्या दादाला यातलं काही सांगू नकोस, तो असल्या गोष्टींना हसतो.

फार अवघड नाही. रविवारी दिवसभर साबुदाणा, शेंगदाणे, वरी, सगळं बिनमिठाचं. संध्याकाळी उपवास सोडतानाही मिठाला शिवायचं नाही. आणि तुझी ती पचनाची गोळी जनावराच्या अवयवापासून करतात असं तूच मला सांगितलं होतंस. रविवारी तेवढी घेऊ नकोस. जेवणच नाही तर गोळी कशाला? फराळ म्हणजे काही जेवण नव्हे.

तू वाद घालशील हे मला माहीत आहे. घाल. पण कर. मी आजवर तुझ्यासाठी माणसांशी भांडले, देवाशी भांडायची ताकद माझ्यात नाही.

जपून राहा, ऊन वाढतं आहे. डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी,
उमाआत्या


विष्णुपुरी
ता. २९ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

तू बोललीस आणि पाळायचं मी! हा कुठला न्याय? नवस बोलायचा असेल तर माणसानं आपल्या जिभेवर बोलावा. तुझ्या जिभेवर लोणचं आहे म्हणून तू माझी जीभ गहाण टाकलीस.

आणि मीठ? आत्या, तुला आठवतं का, मी बाळ असताना माझ्या कपाळाचा मुका घेऊन तूच सगळ्यांत आधी म्हणाली होतीस की ही पोरगी खारट लागते. सगळे हसले. तू मला खारोडी म्हणायला लागलीस, उन्हाळ्यात पत्र्यावर वाळवतात त्या बाजरीच्या खारोड्यांसारखी. मी सहा वर्षांची होईपर्यंत सगळे डॉक्टर टीबी, जंत, दृष्ट असं काहीबाही सांगत राहिले. शेवटी हैदराबादला माझा घाम तपासला तेव्हा कळलं की या आजारात घामातून मीठ वाहून जातं. म्हणजे जे तुझ्या ओठांना आधी कळलं ते डॉक्टरांना सहा वर्षांनी कळलं. आणि आता तूच मला सांगतेस की मीठ सोड, तेही नांदेडच्या एप्रिलमध्ये, जिथं डांबर बुटाला चिकटतं!

हे सगळं लिहून झाल्यावर पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं. तू त्या जिन्यात एकटी उभी राहून काय बोलली असशील, कशी रडली असशील, ते डोळ्यांसमोरून जाईना. तू कधी कुणासमोर रडत नाहीस. दादांच्या विरोधात जाऊन माझा कॉलेजचा अर्ज तू भरायला लावलास. तुझं तोंड देवासमोर खाली जावं असं मला वाटत नाही.

म्हणून करते. एका दिवसानं काय होतं? सोमवारी दुप्पट मीठ खाईन. पण पाच म्हणजे पाच. खंडोबानं हिशोबात गडबड केली तर मी ऐकणार नाही.

रागाने लिहिलं आहे, पण माया कमी झालेली नाही.

तुझी,
खारोडी


उमरी
ता. २५ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्काच्या सेवेशी,
रामकिशनचा साष्टांग नमस्कार.

तुला फोनवर सांगून कळलं नसतं, म्हणून लिहितो. घाबरू नको, पुनम आता बरी आहे.

मागच्या रविवारी संध्याकाळी ती होस्टेलच्या जिन्यात पडली. हातापायाला गोळे आलेले, पोट फुगून दगडासारखं झालेलं, उलट्या थांबेनात. तिच्या खोलीतल्या पोरीनं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. त्या पोरीची आई सुलतानबी भोकरहून धावत आली, मी पोचेपर्यंत सलाइनच्या बाटलीजवळ तीच बसून होती. रातोरात हैदराबादला हलवलं. डॉक्टर म्हणाले की आतडं तुंबलं आहे आणि अंगातलं मीठ तळाला गेलं आहे. ऑपरेशन करावं लागतं की काय अशी वेळ आली होती. औषधं आणि सलाइनवर मोकळं झालं म्हणून वाचलो.

डॉक्टरांनी विचारलं की उन्हाळ्यात हिचं मीठ कुणी बंद केलं, गोळ्या कुणी चुकवल्या. पुनम म्हणाली, माझंच डोकं फिरलं होतं. अक्का, मला ते खरं वाटत नाही. ही पोरगी दुसऱ्याचं डोकं फिरवते, तिचं स्वतःचं फिरत नाही. पण ती पुढं एक शब्द बोलायला तयार नाही. तुला काही माहीत असलं तर कळव.

आमचं ठरलेलं होतं ते मी आता करतो आहे. कालच तिला उमरीला आणलं. तिचं नाव काढून घेणार आहे. तिची आई तनुजा रडते, पोरगी माझ्याशी बोलत नाही. चालेल मला. न बोलणारी पोरगी घरात असलेली बरी. आता तिचं खाणं मी माझ्या डोळ्यांदेखत करणार. मऊ भात, मुगाचं वरण, तेल-तूप नाही, दही नाही, केळं नाही. खोकल्याच्या माणसाला जे द्यायचं तेवढंच.

तू समजून घेशील.

तुझा भाऊ,
रामकिशन


उमरी
ता. ६ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
पुनमचा नमस्कार.

हे पत्र आईच्या हातून टाकते आहे. दादांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू स्वतःला शिव्या देत बसली असशील, तर थांब. अर्धी चूक माझी आहे.

काय झालं ते ऐक. दोन रविवार निभले. तिसऱ्या रविवारी वर्कशॉपच्या पत्र्याखाली दुपारभर प्रोजेक्ट चाललं होतं, मी घामानं निथळत होते, पोटात बिनमिठाचा साबुदाणा आणि मूठमूठ शेंगदाणे. गोळी नाही. शेंगदाण्यातलं तेल माझ्या पोटाला गोळीशिवाय पचत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. पण फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे मलाही पटलं होतं. आपल्या घरात जन्मलेल्या कुणालाही पटलं असतं.

हैदराबादच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला कॉटवर बसवून झापलं. तेलुगू वळणाच्या हिंदीत झापल्यामुळं जरा गोड लागलं. त्यांनी समजावलं की घामातून मीठ गेलं, मिठामागं पाणी गेलं, आणि आतड्यात आधीच घट्ट असलेलं सगळं डांबर होऊन बसलं. पोटाला अन्न लागलं नाही की वजन उतरतं, वजन उतरलं की फुप्फुसं लढायला कमी पडतात. पोट आणि छाती ही वेगळी खाती नाहीत. मग त्यांनी विचारलं की एरवी काय खातेस. मी अभिमानानं वडे, चिप्स, बिस्किटं सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. भरपूर खा म्हणजे वाट्टेल ते खा असं नव्हे, म्हणाल्या. पोटात चांगले जंतूही असतात, ते नुसत्या मैद्यावर आणि तळणावर उपाशी मरतात. पोटातलं ते बिघडलं तर छातीतली सूजही वाढू शकते, असं आता संशोधन करणाऱ्यांना दिसतं आहे. सगळं अजून कळलेलं नाही असंही त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मग काय खाऊ? तर ज्वारीची भाकरी, तिच्यावर तूप, डाळ, अंबाडीची भाजी, ताजं दही, शेंगदाण्याची चटणी, केळं, अंडं, वर मीठ, आणि प्रत्येक वेळी गोळी. आत्या, हैदराबादला जाऊन मला आपल्याच चुलीचा पत्ता मिळाला.

आणि इथं घरी काय चाललं आहे? मऊ भात आणि मुगाचं वरण! दादा स्वतः ताट वाढतात, इतक्या मायेनं की ओरडताही येत नाही. दह्याचं नाव काढलं तर छातीला बाधेल म्हणतात. ते मला त्यांच्या मायेत उपाशी मारून राहिले.

मी उपोषण करणार नाही, उपवासांचा मला कंटाळा आला आहे. मी उलट करते. आईला हाताशी धरून रोज माझं ताट मीच लावते, दादांच्या समोर बसते, गोळी घेते आणि त्यांच्याकडं बघत बघत एक भाकरी जास्त खाते.

परीक्षा २६ मेला सुरू होते. उरलेले दोन रविवार मी करणार नाही. हे तुला स्पष्ट सांगते, खंडोबालाही सांग. त्यानं मला उठवलं ते बिछान्यातून, पुन्हा झोपवायला नव्हे. आणि तुझ्यात ताकद असेल तर या वेळी देवाशी नको, तुझ्या भावाशी भांड. माझं त्यांच्यापुढं चालत नाही.

उत्तराची वाट पाहते.

पुनम


लातूर
ता. १० मे २०२५

चि. रामकिशन यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यानंतर हे बोलणं.

पोरीचं मीठ मी बंद केलं. गोळी घेऊ नको असंही मीच लिहिलं. जानेवारीत माळेगावच्या खंडोबाला नवस बोलले होते, तो तिनं माझ्या शब्दाखातर पाळला. तुझ्यासमोर आणि डॉक्टरांसमोर तिनं माझं नाव घेतलं नाही. आता तुला जे बोलायचं ते मला बोल, मी ऐकते. मशीन कानात घालून ऐकते.

पण माझं झाल्यावर तू तुझं ऐक. ती मीठ नव्हतं म्हणून पडली, कॉलेजात होती म्हणून नाही. उमरीत असती आणि माझा नवस पाळला असता तरी अशीच पडली असती, फक्त हाकेच्या अंतरावर उमैमा नसती. तू तिला घरी आणून काय करतो आहेस? तेल बंद, दही बंद, केळं बंद. तुझं हे पथ्य माझ्या नवसाचं सख्खं भावंड आहे. मी देवाच्या भीतीनं तिचं ताट रिकामं केलं, तू खोकल्याच्या भीतीनं करतो आहेस. तिच्या पोटाला काय लागतं ते आपल्या घरात फक्त तिला कळतं, आणि आपण दोघं शहाणे तिच्या ताटावर हात धरून बसलो आहोत.

तुला भीती वाटते हे मला कळतं. मला वाटत नाही का? मी तिला जन्मापासून अंगाखांद्यावर वाढवलं. पण एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. आपण ती किती वर्षं आपल्यात आहे याचाच विचार करत राहिलो. ती मात्र इंजिनियर होऊन काय करायचं याचा विचार करते आहे. दोघांपैकी कुणाचं ऐकावं?

राहिला नवस. मी बोलले, मी फेडीन. पाचही रविवार पुन्हा पहिल्यापासून, माझ्या ताटात. घरातल्या कुणी बोललेलं घरातल्या दुसऱ्यानं पुरं करायची आपल्यात रीत आहे. खंडोबाला ते चालत नसेल तर मी माळेगावला जाऊन त्याच्याशी समोरासमोर बोलीन. त्याच्याशी भांडायची ताकद माझ्यात नाही असं मी पोरीला लिहिलं होतं. आता आली आहे.

२६ तारखेला ती परीक्षेला बसली पाहिजे. नसेल बसवायची तर मी लातूरहून गाडी करून येते आणि घेऊन जाते. तू मोठ्या बहिणीला दारात अडवशील का, तेवढं बघून ठेव.

आशीर्वाद आहेतच, ते भांडणानं उतरत नाहीत.

तुझी,
अक्का


उमरी
ता. १६ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझ्यावर लई रागावलो. दोन दिवस शेतातच राहिलो. आता राग निम्मा उरला आहे, तो तू आल्यावर काढीन.

नवसाचं तू मला विचारायला पाहिजे होतं. मी हसलो असतो, तरी विचारायला पाहिजे होतं.

पोरगी माझ्यासमोर बसते, गोळी घेते, तूप चोपडलेली भाकरी खाते आणि माझ्याकडं बघत राहते. काल मी दह्याची वाटी तिच्या ताटापासून लांब सरकवली. तिनं हात लांब करून परत जवळ ओढली. मग मीच आणखी एक पळी वाढलं. काय करू? अक्का, जी पोरगी अशी जेवते तिला कुणी कोंडून ठेवावं?

तनुजा म्हणते वजनही भरून राहिलं. मला तेवढं कळत नाही, पण सकाळी तिचा खोकला गुरांच्या शेडपर्यंत ऐकू यायचा, तो आता ओसरीपर्यंतच येतो.

चोवीस तारखेला मी तिला विष्णुपुरीला सोडतो. गाडी करून यायची गरज नाही. नाव काढलेलं नाही. अर्ज लिहिला होता, खिशातच राहिला.

तुझं बीपी वाढू देऊ नको. कळावे.

रामकिशन


विष्णुपुरी
ता. २९ जून २०२५

ती. स्व. आत्याच्या सेवेशी,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षा संपली. एका पेपराचं काही सांगता येत नाही, बाकी सगळे मी कोळून प्यायले. हैदराबादला फुंकर मारायची तपासणी झाली. जानेवारीत घसरलेला फुप्फुसांचा आकडा बराचसा वर चढला आहे. डॉक्टर म्हणाले की पुढं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण आज छान आहे. मी म्हटलं, इतर कुणाचं पुढचं तुम्ही सांगू शकता का? ते हसले आणि म्हणाले, तेही खरं.

मेसच्या महाराजांशी मी तह केला आहे. माझ्यापुरती ज्वारीची भाकरी, वरणाचा खालचा गोळा, आणि दही सगळ्यांत आधी मला. तूप आई पाठवते. उमैमाची अम्मी भोकरहून महिन्यातून एकदा तहरी, म्हणजे त्यांचा मसालेभात, घेऊन येते आणि मी किती खाल्लं ते समोर बसून बघते. तिचं म्हणणं, पोरगी पोट भरून हसायला लागली की मगच डॉक्टरकी कामाला आली समजायचं. चिप्स सोडले नाहीत, पण आता ते पाहुण्यासारखे येतात. गोळ्यांचा डबा ताटाशेजारीच असतो, लपवत नाही. कुणी विचारलं तर सांगते, हे माझं चूर्ण आहे, याच्याशिवाय मी तुमच्यासारखी नाही आणि याच्यासकट तुमच्यापेक्षा जास्त जेवते.

आता तुझा हिशोब दे. नवस तू स्वतःच्या ताटात घेतलास हे दादांनी सांगितलं. तुझे रविवार झाले का? लोणच्याची बरणी कुणाच्या पहाऱ्यात होती? आणि खंडोबा काय म्हणाला?

खरं सांगू, तू ते करू नयेस असंही वाटतं आणि केलंस म्हणून जिवाला गारही वाटतं. लोभ तर मी मागणारच नाही, तो मी आधीच पोटभर खाल्ला आहे.

तुझी,
खारोडी


लातूर
ता. ७ जुलै २०२५

चि. पुनम हिस,
आत्याचे अनेक, अनेक आशीर्वाद.

पाचही झाले. पहिल्या रविवारी बिनमिठाची वरी खाताना मला तुझी इतकी आठवण आली की घास फिरायला लागला. ही माती मी तुला भर उन्हात खायला लावली! दुसऱ्या रविवारी शेजारच्या कोंडाबाईनं पापड भाजले. वास भिंतीतून येत होता. मी देवाचं नाव घेण्याऐवजी तिच्या नावानं बोटं मोडली. तरी पाळले.

मग माळेगावला गेले. भंडारा उधळला, तळी उचलली. देवाला सांगितलं की पोरीच्या ताटाला पुन्हा हात लावायचा नाही. काही हवं असेल तर आधी मला विचारायचं. तो काही बोलला नाही. मशीन कानात घातलेलं होतं, तेव्हा माझ्या ऐकण्यात चूक नव्हती.

परत आल्यावर डॉक्टरकडं गेले. रक्तदाब उतरला आहे. डॉक्टर म्हणाला, शेवटी गोळीचा गुण आलाच. मी त्याला काही सांगितलं नाही. शहाण्या माणसाचा आनंद कशाला मोडा?

सहाव्या रविवारी मी मोकळी होते. कोनाड्यामागची बरणी काढली, फोड ताटात घेतली. रस ओघळला, जिभेला पाणी सुटलं. आणि ती फोड मी परत बरणीत टाकली. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं डॉक्टर सांगून थकले, तेव्हा सुटलं नाही. पण या मिठापायी तू जिन्यात पडली होतीस, ते आठवलं की हात पुढं होईना.

रामकिशन परवा इकडं येणार आहे, माझ्यावरचा उरलेला राग काढायला. त्याच्याबरोबर ती बरणी तुझ्याकडं पाठवते. या उन्हाळ्यात नव्यानं भरलेली आहे, फक्त एक फोड माझ्या ताटात जाऊन आलेली. भाकरीला तूप लाव, गोळी घे, आणि रोज एक फोड चोखून खा. मला विचारू नकोस की आत्या तुला आठवण येते का. येते. रोज येते.

हे माझ्या वाट्याचं मीठ आहे, पोरी. आता ते तुझं. खाल्ल्या मिठाला जाग आणि ते कॉलेज पुरं कर.

तुझी,
उमाआत्या